सव्वापाचचा गजर

४ ऑगस्ट

प्रिय मोठीस,

पार्सल आलं असेल तर उघडू नकोस. उघडलं असशील तर घड्याळाच्या पाठीमागची कागदाची पट्टी ओढू नकोस. ओढली असशील तर हे पत्र बाजूला ठेव, आधी ऊठ, घड्याळाच्या डोक्यावरचं पितळी बटण खाली दाब, आणि मग पुढे वाच.

दाबलंस ना?

तुला वाटेल, इतक्या वर्षांत एक ओळ नाही आणि एकदम हुकूम. हुकूम नाही गं, विनवणी आहे. घाईघाईत लिहितोय म्हणून अक्षर असं दिसतंय. एरवी माझं अक्षर तुला माहीत आहे. तुझ्या वहीवर तुझं नाव मीच घालायचो, गुरुजींना ते छापलेलं वाटायचं.

घड्याळ तू ओळखलं असशील. तुझ्या आईच्या उशाशी असायचं ते हिरवं, घंटेच्या दोन वाट्यांचं. माळ्यावर गंजून पडलं होतं. धाकटीच्या अंत्यविधीला तू आलीस, रस्त्याच्या पलीकडेच थांबलीस आणि घरात पाऊल न टाकता परत गेलीस. पण तेवढ्यात मी पाहिलं, तू पोटाशी हात धरून उभी होतीस. तुझ्या वेळी तुझी आईही हात असाच धरायची. दुसऱ्याच दिवशी मी घड्याळ माळ्यावरून काढलं. डोळ्याला भिंग लावून एकेक चाक रॉकेलमध्ये धुतलं, तेल दिलं, गजराची हातोडी सरळ केली. वाजवून पाहिलं तेव्हा समोरच्या शिंपीदादाने कात्री खाली ठेवली. म्हणाला, "काका, मेलेलं माणूस उठेल."

आणि मी गजराचा काटा तुझ्या जन्मवेळेवर लावला. पहाटे सव्वापाच. माझ्या दुकानाची रीत तुला माहीत आहे: घड्याळ कधी मेलेलं बाहेर पडत नाही. चालण्याची आणि गजराची, दोन्ही चाव्या पूर्ण भरायच्या, चाकात कागदाची पट्टी सरकवून ते थोपवायचं, आणि ज्याचं आहे त्याने पट्टी ओढली की त्याच्या हातातच ते धडधडायला लागतं. लहानपणी ती पट्टी ओढायला मिळावी म्हणून तुम्ही दोघी भांडायचात.

आता ऐक. धाकटी गेली ती हार्ट अटॅकने नाही. पहाटे तिच्या मोबाइलचा गजर वाजत राहिला, शेजारच्या खोलीतल्या मुलीने भिंतीवर थापा मारल्या, शेवटी दार फोडलं. इतक्या तरुण पोरीला अटॅक कसला, म्हणून डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला पाठवून दिलं होतं. परवा त्याचा अहवाल आला. तिच्या हृदयात जन्मापासून एक दोष होता. एरवी काही कळायचं नाही. पण झोपेत कानाशी एकदम मोठा आवाज झाला, की हृदयाचा ताल तुटतो.

आणि हा दोष घराण्यातून येतो, मोठे. सख्ख्या बहिणीत असण्याची शक्यता आधी तपासायची असते. माझ्याकडून आलाय की तुझ्या आईकडून, ते अजून ठरायचंय. माझंही रक्त घेतलंय. मी ठणठणीत आहे, गुडघे सोडले तर.

फोन करत नाही, कारण फोन वाजतो. नाहीतर धाकटीच्या मोबाइलमध्ये तुझा नंबर आहे. मेसेज पाठवून पाहिला, एक टिक आली, दुसरी काही येत नाही. तू आमचे सगळे नंबर बंद केलेस ते बरोबरच असेल. पण पत्र वाजत नाही. म्हणून पत्र.

जवळच्या हृदयाच्या डॉक्टरकडे जा. छातीचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढायला सांग. धाकटीच्या अहवालाची प्रत सोबत आहे.

बाबा


९ ऑगस्ट

प्रिय मोठीस,

उत्तर नाही. पोस्टाला वेळ लागतो, हे मला कळतं. पण पार्सल पत्राच्या खूप आधी टाकलं होतं, हेही कळतं.

काल पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. तुझ्याच वयाच्या आहेत, चष्मा नाकावर घसरलेला, टेबलावर प्लॅस्टिकचं हृदय, त्याचा एक कप्पा हरवलेला. मी म्हटलं, "डॉक्टर, मला नीट समजावा. मला माझ्या मुलीला लिहायचंय, आणि ती पटल्याशिवाय ऐकत नाही." त्यांनी औषधाचा कागद पुढे ओढला आणि त्याच्या पाठीवर एक वाटोळं काढलं.

म्हणाल्या, "आजोबा, ही हृदयाची एक पेशी. हिच्याभोवती एक पडदा असतो, साबणाच्या फुग्यासारखा पातळ. आत सगळा संसार. पण आत काय येईल आणि बाहेर काय जाईल, हे पडदा ठरवत नाही. त्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात, ती ठरवतात. सोडियमचं दार वेगळं, पोटॅशियमचं वेगळं. एकातून दुसरा जात नाही."

प्रत्येक ठोक्याला आधी सोडियम आत घुसतं आणि पेशी चेतते. मग पोटॅशियमचं दार उघडतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी निवते. ती निवली, तरच पुढचा ठोका घ्यायला मोकळी. मला ते लगेच कळलं. घड्याळातही असंच असतं, एक दात सुटतो, चाक थांबतं, मगच पुढचा दात. न थांबता सुटलं तर ते घड्याळ राहत नाही, भोवरा होतो.

"मग आमच्या घराण्यात हे दार मोडकं आहे का?"

"मोडकं नाही. पेशी ते बनवते, पण घडी जराशी चुकते. पेशीच्या आत तपासणी असते, तिथे ते अडवलं जातं. पडद्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून दारं कमी पडतात."

मी म्हटलं, "पत्रांचंही असं होतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

आता आवाजाचं. ते मात्र नीट वाच. झोपलेल्या माणसाच्या कानाशी एकदम घंटा वाजली, की अंगात भीतीचा एक रस सुटतो. तो रस पेशीच्या आत शिरत नाही. पडद्यावर त्याच्यासाठीच एक वेगळं प्रथिन बसलेलं असतं, त्याला बाहेरून येऊन बिलगतो, आणि ते प्रथिन आत निरोप देतं: पळा! निरोप्या बाहेरच राहतो आणि आत धावाधाव. हृदय जोरात पळायला लागतं. ज्यांची दारं पुरेशी आहेत त्यांचं निभावतं. ज्यांची कमी आहेत त्यांच्या पेशी निवायच्या आतच पुढचा ठोका येऊन आदळतो, आणि सगळा गुंता होतो. हृदय धडधडत नाही, नुसतं थरथरतं.

याला औषध आहे, मोठे! साधी गोळी. ती त्या बाहेरच्या प्रथिनावर जाऊन बसते आणि निरोप्याला दारातच थोपवते. धाकटीला ती मिळाली असती तर आज ती तुझ्या घड्याळाची पट्टी ओढायला तुझ्याआधी पोचली असती.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी अचानक आवाजाने बेशुद्ध पडलं होतं का? मी म्हटलं, नाही. मग रस्ताभर तेच डोक्यात. काहीतरी आहे, आठवत नाही.

एका ओळीचं उत्तर दे. शिवी दिलीस तरी चालेल.

बाबा


१४ ऑगस्ट (पोस्टकार्ड)

घड्याळ चालू करू नकोस. पट्टी ओढली असशील तर थांबव. कारण पाकिटातल्या पत्रांत लिहिलं आहे. ती उघड.

— बाबा


२१ ऑगस्ट

प्रिय मोठीस,

पोस्टकार्डाची युक्ती माझी नव्हे, नर्सबाईची. तू तिला नर्सबाई म्हणतेस म्हणून मीही तुझ्यापुरतं तेच लिहितो. तिने मला सुनावलं, "अहो, पाकीट उघडावं लागतं. तिला उघडायचं नसेल तर? कार्ड टाका, ते आपोआप वाचलं जातं." कारण मी मुद्दाम लिहिलं नाही. पोस्टमन वाचणार, जिन्यात शेजारी वाचणार, पोटुशा बाईच्या आजाराची चर्चा करणार. मोठी अक्षरं काढली, बस.

तुझी आई गेल्यावर मी जिच्याशी लग्न केलं, जिने तुझ्या आईचं अंथरूण शेवटपर्यंत धुतलं, तिच्यामुळे तू मला सोडलंस. त्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही, आजही नाही. मला म्हातारपणी कुणीतरी बोलायला हवं होतं आणि तिलाही. तुला ते पटलं नाही, तो तुझा हक्क. हे सगळं आपण नंतर भांडू. निवांत भांडू. त्यासाठी तू राहायला हवीस.

काल जावईबापूंच्या बोटीच्या कंपनीत फोन केला. ते समुद्रावर, परत यायला अवकाश. निरोप द्या म्हटलं. तिकडचा कारकून आनंदी माणूस निघाला. म्हणाला, "तुम्ही सासरे का? अभिनंदन, आजोबा! मुलगी झाली ना त्यांना!"

मी खुर्चीत बसलो. नर्सबाईला वाटलं, वाईट बातमी.

मला नात झाली आणि ते मला एका कारकुनाने सांगितलं. असो. रडून झालं. पण त्यानंतर लगेच डॉक्टरांना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, या आजारात बायकांना बाळंतपणानंतरचे महिनेच सगळ्यात धोक्याचे. झोप तुटलेली, अंग दमलेलं, त्यात एकदम आवाज. मी विचारलं, "आणि तिच्या उशाशी गजराचं घड्याळ असेल तर?" त्या म्हणाल्या, "तुम्ही लगेच कळवा त्यांना." मी हसलो. खरंच हसलो, मोठे, लोक बघायला लागले.

आणि बसस्टॉपवर उभा असताना आठवलं. इतके दिवस डोक्यात घोळत होतं ते.

तुझी शाळा. पाठांतराची स्पर्धा. दीपस्तंभावरच्या म्हाताऱ्याची कविता, चार कडव्यांची. तीच जी मला माझ्या शाळेत मारून मुटकून पाठ करायला लावली होती आणि जिच्यावर पुढे माझा जीव जडला. दुकानात मी ती घड्याळांच्या टिकटिकीवर म्हणायचो, तू स्टुलावर बसून ऐकायचीस. स्पर्धेच्या दिवशी तू पहिलं कडवं म्हटलंस, वादळ. दुसरं, दिवा लावणारा म्हातारा. तिसरं, कुणी बघतंय की नाही हे ठाऊक नसताना तो रात्ररात्र दिवा फिरवतो ते. तिसरं संपलं, तू श्वास घेतलास, आणि स्टेजमागे शिपायाने मधल्या सुटीची घंटा दिली. तू उभीच्या उभी कोसळलीस.

सगळे म्हणाले, घाबरली. बाई म्हणाल्या, चौथं कडवं विसरली म्हणून सोंग केलं. शुद्धीवर आल्यावर तूही तेच म्हणालीस, "विसरले असेन, बाबा." त्यानंतर तू आयुष्यात कधी कविता म्हटली नाहीस. वर्गात नाही, घरात नाही, माझ्या स्टुलावर नाही.

तू विसरली नव्हतीस, पोरी. ती घंटा होती.

तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. आता आहे. आता मला खात्री आहे की तुझ्यातही ते आहे, आणि माझ्याकडे ती खात्री तुझ्यापर्यंत पोचवायला एकही दार उघडं नाही.

एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. हल्ली मी देवाजवळ उलटंच मागतो. इतकी वर्षं मागायचो, हिचा राग जाऊ दे. आता म्हणतो, देवा, हिचा राग टिकू दे. हिने पार्सल कोपऱ्यात फेकलेलं असू दे. कचऱ्यात घातलेलं असू दे. कारण तुला माझी माया आली, तू आईचं घड्याळ हातात घेतलंस आणि पट्टी ओढलीस, की सव्वापाचला...

पुढे लिहवत नाही.

बाबा


२९ ऑगस्ट

प्रिय मोठीस,

हे पत्र इस्पितळातून. लपवणार होतो, पण नर्सबाई म्हणाली, खोटं लिहिलं तर पाकीट ती चिकटवणार नाही.

रक्ताचा अहवाल आला. दोष माझाच. तुझ्या आईचं रक्त स्वच्छ होतं असं म्हणायचं. जन्मभर मी घंटांच्या राज्यात बसलो, शंभर घड्याळं एकदम वाजायची, आणि मला काही झालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, एकाच घरात कुणी निभावतं, कुणी नाही, आणि पुरुषांना मोठेपणी त्रास कमी. मी म्हटलं, "म्हणजे मी पोरींना दिलं आणि स्वतः बिनधास्त राहिलो." त्या म्हणाल्या, "आजोबा, ते तुम्ही दिलं नाहीत. तुमच्याकडून गेलं." शब्द चांगला निवडला. झोप मात्र आली नाही.

आणि मग बिनधास्तपणही संपलं. दुकानात भिंतीवरची घड्याळं उतरवून एकेकाची गजराची चावी उतरवत होतो. सगळ्यांची तोंडं बंद करायची असं मनात घेतलं होतं. शेवटचं उतरवताना पडलो. शिंपीदादाने उचललं. आता छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलंय. ताल तुटला की आतूनच झटका देतं. नर्सबाई म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांना चावी दिलीत, आता तुमचीच सोय झाली." मी म्हटलं, सेलवर चालतं, चावीची भानगड नाही. दोघं हसलो.

मला प्रवासाची बंदी. म्हणून पहिल्यापासून मी आलो नाही असं समजू नकोस. आधी गुडघ्यांचं निमित्त होतं, खरं सांगायचं तर भीती होती. तू दार उघडलं नाहीस तर मी तिथे काय करणार होतो?

आज दुपारी नर्सबाईने पिशवी भरली.

"कुठे?"

"तुमच्या मोठीकडे."

"ती तुला आत घेणार नाही."

"ठाऊक आहे. तिने मला तोंडावर सांगितलंय, माझ्या दाराच्या बेलला हात लावायचा नाही."

"मग?"

"मग लावणार नाही. नाहीतरी बेल वाजवायची नाहीच आहे ना?"

मी म्हटलं, मला इथे एकट्याला टाकून? ती म्हणाली, "तुमच्या छातीत यंत्र आहे. तिच्या छातीत काही नाही." पुढे बोलायला जागाच ठेवली नाही. बाई अशी आहे. पार्सल बांधतानाही माझ्याशी वाद घातला होता, "अहो, एवढ्याच कागदात? आदळेल वाटेत, दोन पदर तरी घाला." मी म्हटलं, घड्याळ बांधायचं तू मला शिकवणार? घातले नाहीत.

ती उद्याच्या गाडीने निघते. हे पत्र तिच्याबरोबरच देतोय. तिने दिलं तर घे. तिच्या हातून नको असेल तर तिला खाली ठेवायला सांग, मग घे. पण घे.

बाबा


३१ ऑगस्ट

मोठे,

हे पत्र टाकणार नाही. नुसतं बोलतोय.

ती पोचली असेल. किंवा गाडी लेट असेल. मोबाइल उशाशी आहे, आवाज बंद, त्याच्या काचेकडे बघत पडलोय. उजळत नाही. उजळला की छातीतलं यंत्र झटका देतं की काय असं वाटतं.

शेजारच्या पलंगावरचा पोस्टातून निवृत्त झालेला माणूस विचारतो, "काय पुटपुटता हो?" मी सांगितलं, शाळेतली कविता. तो म्हणाला, म्हणा की मोठ्याने. मी तिसऱ्या कडव्यापर्यंत म्हटली. पुढे गेलो नाही. चौथ्यात लांबवरचं जहाज उत्तराचा दिवा दाखवतं. ते आज माझ्या तोंडून निघेना.

धाकटीसाठी मी काही करू शकलो नाही कारण मला माहीत नव्हतं. आता सगळं माहीत आहे. दार कुठलं, निरोप कुठला, गोळी कुठली. घरच्या माणसाइतकं ते दार मला ओळखीचं झालंय. आणि तरी मी इथे नुसता पडलोय. माहीत नसणं बरं होतं. नाही, बरं नव्हतं. काय लिहितोय मला कळत नाही.

तू पट्टी ओढली नसशील. तू हट्टी आहेस. हट्टी राहा.


६ सप्टेंबर

प्रिय मोठीस,

फोनवर तिने एवढंच सांगितलं होतं: "दोघी आहेत. श्वास घ्या. बाकी आल्यावर." काल ती आली. जे तुझ्या दारात घडलं तेच मी तुला सांगणार आहे, पण तू ते दाराच्या आतून पाहिलंस. बाहेरून कसं होतं तेही तुला कळू दे.

गाडी पहाटेच पोचली. ती तुझ्या जिन्यात आली तेव्हा पाच वाजून गेले होते. समोर बंद दार, बेलचं बटण, आतून काही आवाज नाही. बेल वाजवावी तर तीच घंटा. न वाजवावी तर आत सव्वापाच होणार. तू पट्टी ओढली आहेस की नाही, हे तिला ठाऊक नाही.

मग तिने नर्सचं काम केलं. झोपलेल्या रोग्याला उठवायची त्यांची एक रीत असते: आधी कुजबुजायचं, मग त्याच शब्दांत आवाज थोडा थोडा वाढवत न्यायचा, म्हणजे माणूस दचकत नाही. ती दाराच्या फटीशी तोंड नेऊन "बाळाची आई, अगं बाळाची आई" असं म्हणत राहिली. शेजारच्या दारातून एक बाई डोकावली आणि हिला वेडी समजून कडी लावून घेतली. हिचा आवाज अजून फटीच्या आतही गेला नसेल, तेवढ्यात आतून आलं.

खर्र्र...

ती म्हणते, कुणीतरी घसा खाकरावा तसं. लांबलचक. आणि मग गप्प. घंटा नाही. तिने कपाळ दारावर टेकलं. मग बाळ रडलं. मग पावलं. मग तूच दार उघडलंस, बाळ खांद्यावर, केस विस्कटलेले.

"तुम्ही?"

"बेलला हात लावलेला नाही हं. तुझी अट पाळली आहे. घड्याळ कुठंय?"

आणि ते उशाशी होतं. चालू! माझं कार्ड मिळाल्यावर तू मुद्दाम पट्टी ओढलीस म्हणे. "आईचं घड्याळ द्यायचं आणि वर चालू करू नकोस म्हणून हुकूम! मग दिलंत कशाला?" अगं हट्टी कार्टे. मी देवाजवळ तुझा हट्ट मागत होतो, आणि तो असा कामाला आला.

आणि रोज आईसारखी दोन्ही चाव्या देत होतीस. रोज पहाटे ते खर्र करायचं. नर्सबाईला तू म्हणालीस, "वेळ झाली की घसा खाकरतं आणि बोलत मात्र काही नाही. अगदी बाबांसारखं." तिने मला हे दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा हसली.

पत्रं ड्रॉवरमध्ये, सगळी बंद. तिने विचारलं, वाचली का नाहीस? तू म्हणालीस, "वाचली असती तर उत्तर द्यावं लागलं असतं. घड्याळाला उत्तर द्यावं लागत नाही."

मला हे कळतं. मला याच्याइतकं दुसरं काही कळत नाही.

मग तू स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून ती सगळी ओळीने वाचलीस आणि बाळ तिच्या मांडीवर दिलंस. दुपारी इस्पितळ. आलेखात तेच निघालं, माझं, धाकटीचं. गोळी सुरू झाली. आता निरोप्या दारात थांबेल. जावईबापूंनाही निरोप पोचला, ते येतायत. बाळाचं रक्त घेतलंय. अर्धी शक्यता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. इकडच्यांनीही तेच सांगितलं. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तोवर घरात बेल नाही, गजर नाही, मोबाइल मुका. अहवाल येईपर्यंत मला झोप नाही, तुला तर नाहीच.

घड्याळ तिने बरोबर आणलंय. भिंग लावून पाहिलं. पोस्टात आदळून गजराची हातोडी पुन्हा वाकलीय, दोन वाट्यांच्या मध्ये नुसती हवेत हलते. आणखी दोन पदर कागद घातला असता तर वाकली नसती. नर्सबाई शेजारी उभी होती. मला वाटलं, आता बोलणार. तिने माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि खणात ठेवला.

ते मी दुरुस्त करणार नाही.

एक राहिलं. ती निघाली तेव्हा तू बाळाला झोपवत होतीस, पाठीवर थोपटत, अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणत. तिने विचारलं, "कुठली अंगाई गं ही?" तू म्हणालीस, "अंगाई नाही, मावशी. कवितेचं चौथं कडवं आहे. बाबांना सांगा, मला पाठ आहे."

बाबा